उतारवयातला जलप्रवास: बोट कोणती, कोणासाठी?

मुंबईच्या इंदिरा गोदीत, बॅलार्ड पियरला, २० सप्टेंबर २०२५ रोजी नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तपासणीच्या ७२ खिडक्या, एकाच वेळी पाच बोटी लागण्याची सोय आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, असे त्याचे वर्णन वृत्तपत्रांतून आले. त्याआधी वर्षभर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले होते. पाच वर्षांत देशातले क्रूझ-प्रवासी दुप्पट करायचे, असा त्याचा संकल्प आहे. आकडे मोठे आहेत आणि ते ऐकायला बरेही वाटतात. पण हे दहा लाख प्रवासी कोण असतील, त्यांचे वय काय असेल आणि त्यांतल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना या बोटी कितपत मानवतील, याची चर्चा मात्र फारशी कानावर आली नाही.

हा प्रश्न तेरखेड्यासारख्या गावातून विचारला जावा, याचे कोणाला आश्चर्य वाटेल. आमचे गाव धाराशिव जिल्ह्यातले, सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचे. महाराष्ट्राला ते ठाऊक आहे ते फटाक्यांमुळे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. पण गेल्या काही वर्षांत गावोगावची मुले पुण्याला, बंगळुरूला, कोणी अमेरिकेला गेली आणि आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काय द्यावे, याचे एक नवे उत्तर त्यांना सापडले. पूर्वी अंगठी किंवा पैठणी यायची, आता मोबाइलवर क्रूझचे तिकीट येते. मी निवृत्त शिक्षक. पासपोर्टचे आणि व्हिसाचे अर्ज भरून देण्याचे काम हौसेने अंगावर घेतलेले. त्यामुळे ही तिकिटे घेऊन मंडळी माझ्या ओट्यावर येतात. प्रश्न एकच असतो, "गुरुजी, हे आम्हाला झेपंल का?"

प्रश्न साधा आहे, पण जाहिरातीत त्याचे उत्तर नसते. जाहिरात सांगते की बोटीला किती मजले आहेत, किती उपाहारगृहे आहेत, तरणतलावाला घसरगुंडी किती उंच आहे. ती बोटींची तुलना असते. ज्येष्ठांनी करायची तुलना निराळी आहे. आपला सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस डोळ्यांसमोर आणायचा आणि तो कोणत्या बोटीत बसतो ते पाहायचे. माणूस बोटीला जुळवून घेईल, असे तरुणपणी म्हणता येते. सत्तरीत बोटीनेच माणसाला जुळले पाहिजे.

समुद्र अगदीच परका नाही

मराठवाड्याच्या वृद्धांना बोट नवी, असे समजण्याचे कारण नाही. द्वारकेच्या यात्रेला गेलेल्या कित्येक आजीबाईंनी ओखा ते बेट द्वारका हा प्रवास गच्च भरलेल्या बोटीतून केला आहे. सुदर्शन सेतू झाला तो २०२४ च्या फेब्रुवारीत, त्याआधी दुसरी वाटच नव्हती. मुस्लिम कुटुंबांत हजच्या आगबोटीच्या आठवणी आहेत. मुंबईहून जेद्दाला यात्रेकरूंना नेणारी बोटींची सेवा १९९५ पर्यंत चालू होती. आयुष्यभराची पुंजी बांधून, उतारवयात, आठवडाभराहून अधिक काळ समुद्रावर राहणारे ते लोक आजच्या कोणत्याही क्रूझ-प्रवाशापेक्षा धीराचेच म्हटले पाहिजेत.

किनारपट्टीची गोष्ट तर जुनीच आहे. कोकणची माणसे पिढ्यान् पिढ्या बोटीने मुंबईला आली. त्याच किनाऱ्याने १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडालेली आणि सहाशेहून अधिक माणसे गेलेली पाहिली. आनंदासाठी समुद्रावर जायची कल्पना आपल्याकडे त्यामानाने अलीकडची. स्टार क्रूझेसने २००५ मध्ये मुंबईत 'सुपरस्टार लिब्रा' आणली. कोस्टा या इटालियन कंपनीने २०१६ च्या अखेरीस मुंबई-मालदीव फेऱ्या सुरू केल्या. कान्होजी आंग्र्यांची आठवण सांगणारी 'आंग्रिया' २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर आली. 'जलेश'ची 'कर्णिका' २०१९ च्या एप्रिलमध्ये आली आणि कोरोनाच्या तडाख्यात २०२० मध्ये थेट अलंगच्या भंगारवाड्यात गेली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' धावू लागली.

ही यादी देण्यामागे हेतू आहे. या धंद्यात बोटी येतात आणि जातात. निवृत्तिवेतनातून साठवलेला पैसा सहा-आठ महिने आधी भरायचा असेल, तर फेरी रद्द झाल्यास पैसे कोण परत देणार, किती दिवसांत आणि रोख देणार की पुढच्या फेरीची चिठ्ठी हातात ठेवणार, हे लेखी विचारणे हा ज्येष्ठांचा पहिला धडा. पंचाहत्तरीच्या माणसाला 'पुढच्या वर्षी या' असे सांगणे म्हणजे पैसे परत करणे नव्हे.

चार वाटा, चार स्वभाव

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आपल्याकडच्या ज्येष्ठांपुढे साधारण चार वाटा असतात.

पहिली मुंबईहून निघणाऱ्या देशी फेरीची. कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' ही मुळात १९९० मध्ये बांधलेली 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी सुमारे २११ मीटर, प्रवासी अठराशेच्या आसपास. जगाच्या मानाने ही लहान आणि वयस्क बोट. त्यामुळे खोल्या आटोपशीर आहेत. पण ज्येष्ठांच्या दृष्टीने हा सगळाच तोटा नाही. बोट लहान म्हणजे खोलीपासून जेवणाच्या दालनापर्यंतची चाल कमी. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरते. शाकाहारी आणि जैन जेवण मिळते, हिंदी सगळीकडे चालते. गैरसोय दोन ठिकाणी होते. लक्षद्वीपला बोट धक्क्याला लागत नाही. दूर उभी राहते आणि प्रवाशांना हलत्या छोट्या बोटीत उतरून बेटावर जावे लागते. गुडघे दुखणाऱ्याने त्या दिवशी बोटीवरच राहावे लागेल हे गृहीत धरावे. दुसरी गोष्ट वातावरणाची. दोन-तीन रात्रींची आठवड्याअखेरची फेरी ही तरुण मंडळींची आणि लहान मुलांच्या कुटुंबांची असते. तरणतलावावरचा दणदणाट त्यांच्यासाठी असतो, आणि त्यांनी पैसे त्याचेच दिलेले असतात.

दुसरी वाट सिंगापूरची. तेथून निघणारी 'गेंटिंग ड्रीम' ही २०१६ ची बोट. ३३५ मीटर लांब, दुहेरी वास्तव्याने मोजले तर साडेतीन हजारांच्या जवळपास प्रवासी. आशियाई आणि विशेषतः भारतीय पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून तिच्यावर शाकाहारी, जैन आणि हलाल जेवणाची वेगळी व्यवस्था आहे. रॉयल कॅरिबियनच्या सिंगापूरहून हंगामी फेऱ्या करणाऱ्या बोटी याहून मोठ्या, चार हजारांहून अधिक प्रवाशांच्या. त्यांवरची करमणूक अद्भुत आहे, पण ती बरीचशी उड्या मारणाऱ्यांसाठी आहे. बोट जितकी मोठी, तितकी ती लाटांत कमी हलते हे खरे. पण तितकेच तिचे व्हरांडे लांब, उद्वाहनापुढच्या रांगा लांब आणि चुकण्याची शक्यता अधिक. तीनशे मीटरहून लांब बोटीत एका टोकाची खोली आणि दुसऱ्या टोकाचे जेवण म्हणजे दिवसातून तीनदा तेरखेड्याच्या बसथांब्यापासून गावात ये-जा करण्यासारखे. शिवाय विमानाचा प्रवास वेगळा, आणि बोट मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापूरला येत असल्याने एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा.

तिसरी वाट मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांची. तेथे ज्येष्ठांसाठी सर्वांत सुखाची मानली जाते ती मे ते सप्टेंबरमधली अलास्काची फेरी. बोट बरीचशी बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून जाते, आणि हिमनदी पाहायला कोठे चढावे लागत नाही, खुर्चीत बसून दिसते. हॉलंड अमेरिकासारख्या कंपन्यांचे प्रवासी मुळातच वयस्क असतात, त्यामुळे संध्याकाळी वाद्यसंगीत असते, ढणढण नसते. वायकिंगच्या बोटींवर तर अठरा वर्षांखालील प्रवासीच घेत नाहीत. मात्र एक अडचण अनेकांना ऐनवेळी कळते. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतताना वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. ते बंदर बहुधा कॅनडातले व्हिक्टोरिया असते. मुलाच्या हातात अमेरिकी पासपोर्ट असेल तर त्याला काही लागत नाही, पण भारतीय पासपोर्टवरच्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा लागतो. मुलगा धक्क्यावर आत आणि आईवडील बाहेर, हा प्रसंग टाळायचा असेल तर अर्ज भारतातून निघण्यापूर्वीच करावा.

चौथी वाट नदीची. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेल्या 'गंगा विलास'चे नाव सर्वांनी ऐकले. ५१ दिवस, सुमारे ३२०० किलोमीटर, १८ खोल्या, ३६ प्रवासी. भाडे सामान्य निवृत्तांच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. नदीत बोट लागत नाही, किनारा सतत दिसतो, माणसे थोडी असतात आणि दोन दिवसांत सगळे ओळखीचे होतात. अडचण पायऱ्यांची. नदीकाठची देवळे आणि घाट चढल्याशिवाय दिसत नाहीत.

या चार वाटांत सर्वोत्तम कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. प्रथमच जाणाऱ्या, पासपोर्ट नसलेल्या आणि जेवणाच्या बाबतीत हळव्या जोडप्याला मुंबई-गोवा तीन रात्रींची फेरीच योग्य. ज्यांचे पाय धड आहेत, सोबत नातवंडे आहेत, त्यांनी सिंगापूरचा विचार करावा. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी कमी दिवस जावे, पण कमी माणसांच्या बोटीने जावे.

शरीराला विचारून

आपल्या भाषेत 'बोट लागणे' असा शब्दप्रयोगच आहे. एस.टी. लागणाऱ्याला बोट लागेलच असे नाही, पण शक्यता धरावी. बोटीच्या मध्यभागाची आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. गंमत अशी की दलाल महाग खोली म्हणून वरच्या मजल्यावरची सज्जाची खोली गळ्यात मारतो, आणि नेमकी तीच अधिक हलते. उलटी थांबवणाऱ्या गोळ्या आपण सर्रास घेतो, पण त्यांनी झापड येते. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांना यांतल्या काही गोळ्या अपायकारक ठरतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या खिशात टाकू नयेत. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरचा हंगाम ऑक्टोबर ते मे असाच समजावा. आमच्या गावापुरते सांगायचे तर दिवाळी उरकली की फटाक्यांच्या कामातून हात मोकळे होतात आणि सोयाबीन घरात आलेले असते. डिसेंबरच्या सुट्ट्या टाळून जानेवारी-फेब्रुवारीतले आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत. तेव्हा मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात, गर्दी कमी असते आणि बहुधा भाडेही उतरलेले असते. एकच बोट शनिवारी जत्रा असते आणि मंगळवारी वाचनालय, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्या मंगळवारी आमच्या सौभाग्यवती खिडकीशी बसून दोन तास नुसते पाणी पाहत होत्या. जन्मभर पाण्यासाठी हंडे वाहिलेल्या बाईला एवढे पाणी पाहून काय वाटले असेल, ते मी विचारले नाही.

औषधोपचाराबाबत गैरसमज फार. मोठ्या बोटींवर डॉक्टर असतो, परिचारिका असते, प्राणवायू असतो, हृदयाचा आलेख निघतो. पण तो दवाखाना आहे, इस्पितळ नव्हे. रुग्णाला स्थिर करणे आणि पुढच्या बंदरावर उतरवणे, एवढीच त्याची मर्यादा. तपासणीचे पैसे प्रवाशाला मोजावे लागतात. सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड तेथे उपयोगाचे नाही, आणि येथला नेहमीचा मेडिक्लेम परदेशी पाण्यात चालेल असे गृहीत धरू नये. प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे सर्व लिहावे. लपवलेले दुखणे विमा कंपनीला नेमके दाव्याच्या दिवशी सापडते. गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवू नयेत. ती बॅग धक्क्यावर ताब्यात घेतात आणि काही तासांनी खोलीत पोहोचवतात. तोवर जेवणाआधीची गोळी राहून जाते. दोन-तीन दिवसांच्या जादा गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि इन्शुलिन असल्यास थंड ठेवण्याची चौकशी, एवढे अगोदर करावे.

खोलीतल्या न्हाणीघराला बहुधा उंच उंबरा असतो. रात्री तेथे ठेच लागून पडणे हा वृद्धांचा खरा धोका, समुद्र नव्हे. चाकाच्या खुर्चीची सोय असलेल्या, उंबरा नसलेल्या खोल्या मोजक्या असतात. त्या पैसे भरण्यापूर्वी मागाव्यात. जेवण 'बुफे' असते. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन रांगेत उभे राहता येत नाही. बहुतेक बोटींवर टेबलावर वाढणारे दालनही असते, ते निवडावे. ज्वारीची भाकरी मिळणार नाही, हे मनाशी पक्के करावे. आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, कारण बंद जागेत हजारो माणसे जेवतात तेथे जुलाब-उलट्यांची साथ लवकर पसरते.

आणखी एक बाब सुरक्षेची. इटलीच्या किनाऱ्याजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि बोट निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी प्रवाशांची कवायत घेणे सक्तीचे झाले. ही कवायत आपल्याकडचे लोक कंटाळवाणी समजून टाळतात. संकटात उद्वाहन बंद ठेवतात, जिने चढावे-उतरावे लागतात. ज्याला हे जमणार नाही त्याने पहिल्याच दिवशी तसे कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे. जाता जाता आमच्या गावकऱ्यांसाठी एक सूचना: ज्वालाग्राही वस्तू बोटीवर चालत नाहीत. तेरखेड्याचा माणूस कोणाकडेही रिकाम्या हाताने जात नाही, पण येथे भेट म्हणून फटाक्यांचे खोके नेऊ नये.

भाड्यामागचे भाडे

जाहिरातीतला आकडा बहुधा दोघांनी वाटून घेतलेल्या, बिनखिडकीच्या खोलीचा, प्रत्येकी असतो. त्यावर बंदराचे शुल्क, कर, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, बंदरावरच्या सहली, विमा असे थर चढतात. समुद्रावर मोबाइल उपग्रहाच्या जाळ्यावर गेला तर एका व्हिडिओ कॉलचे बिल डोळे पांढरे करते. तेव्हा चढताच तो 'विमान' खुणेवर ठेवावा. तेरखेड्याहून जाणाऱ्यांनी मुंबईपर्यंतचा खर्चही यात धरावा. धाराशिव किंवा बार्शीहून लातूर-मुंबई एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की बॅलार्ड पियर हाकेच्या अंतरावर आहे. तरीही एक दिवस आधीच पोहोचावे. एस.टी. उशीर झाला तर दुसरी मिळते, बोट मात्र कोणासाठी थांबत नाही.

सर्वांत बोचणारा प्रश्न एकट्याच्या भाड्याचा. खोली दोघांची, म्हणून एकट्या प्रवाशाकडून बऱ्याच कंपन्या जवळजवळ दुप्पट घेतात. खेड्यापाड्यांत सत्तरीपुढच्या बायकांत विधवांची संख्या किती असते, हे कोणत्याही गल्लीत उभे राहून मोजावे. म्हणजे जिला सोबतीची आणि बदलाची सर्वांत अधिक गरज, तिलाच दुप्पट दर. यावर एक उपाय म्हणजे दोघी मैत्रिणींनी किंवा नणंद-भावजयींनी मिळून जाणे. दुसरा उपाय सहल कंपन्यांचा. केसरीची 'सेकंड इनिंग' किंवा वीणा वर्ल्डच्या ज्येष्ठांसाठीच्या सहली, यांत समवयस्क सोबत मिळते आणि मराठी बोलणारा सहल-व्यवस्थापक असतो. माझे मत असे की पहिल्या खेपेला बोटीच्या नावापेक्षा या व्यवस्थापकाला अधिक महत्त्व द्यावे. रात्री दोन वाजता पोटात दुखू लागले, तर ते इंग्रजीत सांगता येत नाही.

'या वयात कशाला?'

हिशेब जमला तरी एक अडथळा उरतो, तो मनाचा. वृद्धांनी प्रवास करावा तो देवाला, असा आपला समज आहे, आणि सरकारही त्याच समजुतीने चालते. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत आहे. २०२४ च्या जुलैत आलेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत साठीपुढच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ज्येष्ठांना माणशी तीस हजार रुपयांपर्यंतच्या तीर्थयात्रेची तरतूद झाली. या योजना चांगल्याच आहेत. उलट रेल्वेने स्त्रियांना अठ्ठावन्नपासून निम्मी आणि पुरुषांना साठीपासून चाळीस टक्के मिळणारी सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली. तीत देवदर्शनाची अट नव्हती. लेकीकडे जायचे असो की समुद्र पाहायचा असो, तिकीट सारखेच होते.

येरमाळ्याच्या येडेश्वरीला, तुळजापूरला, पंढरीला जाऊन आलेल्या माणसाला गोव्याचा समुद्र पाहावासा वाटला, तर त्यात वावगे काय? पण 'म्हातारचळ लागला' हे ऐकावे लागेल म्हणून इच्छा दाबली जाते. बायकांची तर अधिकच. दुसऱ्या टोकाला मुलांचा उत्साह असतो. ते प्रेमाने, पण न विचारता तिकीट काढतात. आई 'नको' म्हणत नाही, कारण मुलाचे पैसे गेलेले असतात. मग तीन दिवस खोलीत पडून राहते आणि घरी येऊन 'छान होते' म्हणते. दोन्ही टोकांना निर्णय दुसऱ्याचाच आहे. मुलांना माझे सांगणे एवढेच, की भेट म्हणून तिकीट देऊ नका, निवड द्या. सोबत बसा, खोलीचा नकाशा दाखवा, कोणत्या दिवशी किती चालावे लागेल ते सांगा, आणि त्या दोघांनी 'आम्हाला बोट नको, काशीला जायचे आहे' म्हटले तर तेही आनंदाने ऐका.

दुप्पट प्रवासी हवे असतील तर

इंग्लंडमध्ये सागा नावाची कंपनी पन्नाशीपुढच्यांसाठीच बोटी चालवते. प्रवासी हजाराच्या आत. घरापासून बंदरापर्यंत गाडी आणि प्रवासाचा विमा भाड्यातच धरलेला. मराठवाड्यातल्या वाचकाला हे स्वप्नवत वाटेल, पण त्या भाड्यात जे धरले आहे तेच वृद्धाला खरे हवे असते: दारातून उचलणे आणि दुखल्या-खुपल्याची हमी. अर्थात तेथेही समुद्र समुद्रच. सागाचीच 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी' २०२३ च्या नोव्हेंबरात बिस्केच्या उपसागरात वादळात सापडली आणि शंभराहून अधिक प्रवासी जखमी झाले. ज्येष्ठांची म्हणवणारी बोटही हंगाम पाहूनच निवडावी, हा त्यातला बोध.

आपल्याकडे बोटी वाढणार आहेत. कॉर्डेलियाने नॉर्वेजियन कंपनीच्या 'स्काय' आणि 'सन' या दोन बोटी भाड्याने घेण्याचा करार २०२५ मध्ये जाहीर केला. बोटी वाढल्या की आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या रिकाम्या खोल्याही वाढतील. त्या दिवशी कोण मोकळे असते? नोकरदार नव्हे, शाळकरी मूलही नव्हे. मोकळा असतो तो निवृत्त माणूस. आठवड्याच्या मधली एक शांत फेरी, एकट्यासाठी माफक भाडे, चालण्याचे अंतर आणि उंबऱ्याची उंची स्पष्ट लिहिलेले मराठी माहितीपत्रक, आणि टर्मिनलवर बसायला पुरेशा खुर्च्या, एवढे केले तर कंपन्यांच्या खोल्या भरतील आणि सरकारचा आकडाही गाठता येईल. यातल्या एकाही गोष्टीला नवी गोदी बांधावी लागत नाही.

तोवर आपल्या हाती एक कागद आणि पेन्सिल आहे. किती चालवते, किती पायऱ्या चढवतात, रात्री कितीदा उठावे लागते, काय खाल्ले तर सोसते, गोंगाट किती चालतो, सोबत कोण आहे आणि किती पैसे गेले तरी घरखर्चाला धक्का लागत नाही, या सात प्रश्नांची उत्तरे नवरा-बायकोने वेगवेगळी लिहावीत आणि मग एकत्र वाचावीत. चाळीस वर्षे संसार केलेल्यांची उत्तरेही जुळत नाहीत असे मी पाहिले आहे. ती जुळवून घेतल्यावरच कंपनीला फोन करावा. पहिला प्रश्न भाड्याचा नसावा. आपली यादी वाचून दाखवावी आणि बोट काय उत्तर देते ते ऐकावे.